रोध वाढवला तर विद्युतशक्ती वाढते की घटते?

कुतूहल (धागाकर्ती):

नमस्कार. मी शाळेतील मुलांना विज्ञान शिकवते. विद्युतधारेच्या प्रकरणात दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो आणि त्यावर मी जे उत्तर देते ते मला स्वतःला अपुरे वाटते, म्हणून हा धागा.

विभवांतर आणि धारा ठाऊक असली की रोध आणि शक्ती काढणे सोपे असते. एखाद्या तारेच्या दोन टोकांमध्ये १२ व्होल्ट विभवांतर असेल आणि तिच्यातून ३ अँपिअर धारा वाहत असेल, तर भागाकाराने रोध ४ ओहम येतो आणि गुणाकाराने शक्ती ३६ वॅट येते. इथपर्यंत कोणाची अडचण नसते. पुढे याच दोन सूत्रांतून आणखी दोन सूत्रे निघतात. शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध, हे एक, आणि शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध, हे दुसरे. वरच्या उदाहरणात ९ गुणिले ४ केले तरी ३६ येतात आणि १४४ भागिले ४ केले तरी ३६ च येतात. मग मुले विचारतात की पहिल्या सूत्राप्रमाणे रोध वाढला की शक्ती वाढायला हवी, दुसऱ्याप्रमाणे ती घटायला हवी, तर यातले खरे कोणते?

‘धारा स्थिर असेल तर पहिले, विभवांतर स्थिर असेल तर दुसरे’ हे उत्तर बरोबर आहे. पण मुलांचा पुढचा प्रश्न तयारच असतो, की प्रत्यक्षात काय स्थिर राहणार हे ठरवते कोण? शेगडीची कॉइल, दिव्यातील कुंतल (फिलामेंट), सैल झालेला जोड, लांबवर टाकलेली केबल, यांपैकी प्रत्येक ठिकाणी ते आधीच कसे ओळखायचे? जाणकारांनी कृपया उदाहरणांसह लिहावे.

समांतर:

मुख्य पुरवठ्यावर चालणाऱ्या उपकरणांपुरते उत्तर सोपे आहे. तिथे विभवांतर जवळजवळ स्थिर असते, त्यामुळे रोध जितका कमी तितकी शक्ती जास्त. २३० व्होल्टवर १००० वॅटच्या शेगडीचा रोध ५२.९ ओहम असतो आणि २००० वॅटच्या शेगडीचा त्याच्या निम्मा, म्हणजे २६.४५ ओहम.

विद्युत्कर्मी:

समांतर यांच्याशी सहमत आहे. त्याला एक जोड देतो, कारण हे गणित वाचून कोणी तसा प्रयोग करण्याची शक्यता असते. कॉइल मधोमध कापली तर रोध निम्मा होतो आणि त्याच विभवांतरावर शक्ती दुप्पट होते, हे कागदावर अगदी बरोबर आहे. परंतु कॉइलची लांबी निम्मी झाल्यामुळे उष्णता बाहेर टाकणारा तिचा पृष्ठभागही निम्मा होतो. दुप्पट उष्णता निम्म्या पृष्ठभागातून बाहेर पडायची म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर चौपट भार येतो, तारेचे तापमान तिच्या मर्यादेपलीकडे जाते आणि ती लवकरच जळते. शिवाय धारा दुप्पट झाल्यामुळे प्लग, वायर आणि फ्यूज यांच्यावरचा भारही वाढतो. तुटलेली कॉइल ओढून पुन्हा जोडून वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण प्रत्येक वेळी थोडी लांबी कमी होते आणि तार अधिकाधिक तापत जाते.

विभवांतराच्या वर्गाचा परिणामही दिसण्याइतका मोठा असतो. पुरवठा १० टक्क्यांनी उतरून २०७ व्होल्ट झाला, तर १००० वॅटची शेगडी ९०० नव्हे, ८१० वॅट देते.

काटेकोर:

वरील दोन्ही उत्तरे धागाकर्तीच्या प्रश्नाची अर्धीच बाजू मांडतात. मुख्य पुरवठ्यावर विभवांतर स्थिर असते आणि म्हणून रोध वाढला की उष्णता घटते, असे आपण म्हणता. मग त्याच पुरवठ्यावर सॉकेटमधला स्क्रू सैल झाला, म्हणजे त्या ठिकाणचा रोध वाढला, की तो जोड तापून काळा का पडतो? आपल्या नियमाप्रमाणे तो अधिक थंड व्हायला हवा.

समांतर:

काटेकोर यांचा आक्षेप योग्य आहे. सैल जोडात धारा स्थिर राहते, म्हणून तिथे पहिले सूत्र लागते.

काटेकोर:

पण ‘स्थिर राहते’ हे आपल्याला कशावरून कळले? उत्तर आधी ठाऊक होते म्हणून आपण सूत्र निवडले, असे तर होत नाही ना? मुलांचा नेमका हाच प्रश्न आहे.

विद्युत्कर्मी:

हा प्रश्न आकडे घालून सोडवू. समजा शेगडीचा रोध २३ ओहम आहे, पुरवठा २३० व्होल्टचा आहे आणि जोड उत्तम आहे. धारा १० अँपिअर, शक्ती २३०० वॅट. आता जोडाचा रोध हळूहळू वाढवू. जोड आणि शेगडी एकसर जोडणीत (एकामागोमाग एक) असल्यामुळे धारा काढताना दोन्ही रोधांची बेरीज घ्यावी लागेल.

जोडाचा रोध ०.१ ओहम झाला तर एकूण रोध २३.१ ओहम होतो, धारा १० अँपिअरहून किंचित कमी राहते आणि जोडात सुमारे १० वॅट उष्णता निर्माण होते. धातूच्या एवढ्याशा तुकड्याला १० वॅट म्हणजे पुष्कळ झाले. रोध १ ओहम झाला तर धारा ९.५८ अँपिअर आणि जोडातील शक्ती जवळजवळ ९२ वॅट. म्हणजे रोध दसपट वाढला, धारा मात्र चार टक्क्यांनीही घटली नाही आणि उष्णता नऊपटीहून अधिक वाढली. या टप्प्यावर धारा ठरवण्याचे काम शेगडीचे २३ ओहमच करत असतात आणि जोडाचा रोध त्यापुढे नगण्य असतो, म्हणून धारा ‘स्थिर’ दिसते.

परंतु रोध असाच वाढत गेला तर? जोडाचा रोध २३ ओहम झाला की धारा ५ अँपिअरवर येते आणि जोडात ५७५ वॅट उष्णता निर्माण होते. त्याच्या पुढे मात्र चित्र उलटते. २३० ओहमला जोडातील शक्ती सुमारे १९० वॅट आहे आणि २३०० ओहमला २२ वॅटच्या आसपास. आता परिपथात जोडाचाच रोध सर्वांत मोठा असल्यामुळे पुरवठ्याचे जवळजवळ सगळे विभवांतर त्याच्यावर पडते, म्हणजे विभवांतर ‘स्थिर’ झाले आणि दुसरे सूत्र लागू पडले. जोड पूर्ण सुटला की धाराही शून्य आणि शक्तीही शून्य.

प्रत्यक्षातला सैल जोड इतक्या शिस्तीने वागत नाही, तिथे ठिणग्या उडतात, गंज चढतो आणि रोध क्षणाक्षणाला बदलतो. तरीही दोन्ही सूत्रे एकाच जोडाला आपापल्या वेळी कशी लागू होतात, ते या आकड्यांतून दिसते.

कुतूहल (धागाकर्ती):

विद्युत्कर्मी, मनापासून आभार. मी दोन सूत्रांना दोन वेगळ्या परिस्थिती समजत होते, आणि आपण एकाच परिस्थितीची दोन टोके दाखवलीत. २३ ओहमलाच शक्ती सर्वाधिक कशी, हे मुलांना कलनाशिवाय (कॅल्क्युलसशिवाय) दाखवता येईल का?

अंकगणिती:

दाखवता येते आणि कलनापेक्षा ही रीत मला अधिक सुंदर वाटते.

ज्या भागातील शक्ती हवी आहे त्याच्या रोधाला ‘भार’ म्हणू आणि परिपथातील उरलेल्या सगळ्या रोधाला ‘बाकी’ म्हणू. पुरवठ्याचे विभवांतर भागिले भार अधिक बाकी, ही धारा. तिचा वर्ग करून भाराने गुणले की भारातील शक्ती मिळते. आता अंश आणि छेद या दोन्हींना भाराने भागा. अंशात फक्त पुरवठ्याच्या विभवांतराचा वर्ग उरतो. छेदात तीन पदे येतात: भार, बाकीची दुप्पट, आणि बाकीचा वर्ग भागिले भार. मधले पद बदलत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या पदाचा गुणाकार करून पाहा, तो नेहमी बाकीच्या वर्गाइतकाच येतो. ज्या दोन धन संख्यांचा गुणाकार ठरलेला आहे त्यांची बेरीज त्या दोन्ही समान असताना सर्वांत लहान असते, हे मुलांना ठाऊक असते. म्हणून भार आणि बाकी समान असताना छेद सर्वांत लहान आणि शक्ती सर्वांत मोठी. अभियंते यालाच महत्तम शक्ती हस्तांतरणाचा नियम म्हणतात.

मूळ प्रश्नाचे उत्तरही याच छेदात आहे. भार खूप लहान असेल तर तिसरे पद इतके मोठे होते की इतर दोन दुर्लक्षून चालते, आणि शक्ती भाराच्या सम प्रमाणात वाढते. भार खूप मोठा असेल तर पहिले पद वरचढ ठरते आणि शक्ती भाराच्या व्यस्त प्रमाणात घटते. तेव्हा मुलांना एवढेच विचारायला सांगावे की मी ज्या वस्तूचा रोध बदलतो आहे, तो परिपथातल्या बाकी रोधापेक्षा पुष्कळ लहान आहे की पुष्कळ मोठा?

मौनवाचक:

अंकगणिती यांचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला आहे.

इतिहासप्रेमी:

या चर्चेला इतिहासाचाही एक दुवा आहे. गेओर्ग झिमोन ओहम यांनी सुरुवातीचे प्रयोग रासायनिक विद्युतघटांवर केले होते, पण त्या घटांची धारा स्थिर राहत नसे. भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी १८२६ मध्ये बिस्मथ आणि तांबे यांचे उष्णतायुग्म, म्हणजे दोन सांध्यांच्या तापमानातील फरकातून विभवांतर देणारी धातूंची जोडी, वापरले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्याच्या तापमानाला आणि दुसरा बर्फाच्या तापमानाला ठेवल्यामुळे त्यांना विलक्षण स्थिर विभवांतर मिळाले. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून त्यांनी धारेचा परिणाम मोजला.

आपल्या विषयाशी जोडलेली गोष्ट पुढे आहे. त्यांना मिळालेल्या सूत्रात एका स्थिर संख्येला दोन राशींच्या बेरजेने भागलेले होते. त्यांतील एक राशी तपासायच्या तारेची लांबी होती आणि दुसरी उरलेल्या परिपथावर अवलंबून होती. म्हणजे अंकगणिती ज्याला ‘बाकी’ म्हणतात ती ओहम यांच्या सूत्रात पहिल्यापासून होती. शाळेत पोहोचेपर्यंत ती गळून पडली आणि ‘विभवांतर भागिले धारा’ एवढेच उरले. त्यांचा सविस्तर ग्रंथ १८२७ मध्ये आला, त्याची योग्य दखल घेतली जायला वेळ लागला आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिले. जेम्स प्रेस्कॉट जूल यांचा धारेच्या वर्गाचा नियमही १८४१ मध्येच प्रसिद्ध झाला. जूल यांनी उष्णतेचा संबंध जोडला तो धारा आणि रोध यांच्याशी, आणि माझ्या मते शिकवतानाही तोच क्रम ठेवावा.

तंतुवाद्य:

मला एक निराळी अडचण मांडायची आहे. चर्चेत सर्वांनी रोध हा त्या वस्तूचा कायमचा गुण आहे असे गृहीत धरले आहे. २३० व्होल्ट, ६० वॅटच्या कुंतलाच्या दिव्याचे गणित करा. धारा सुमारे ०.२६ अँपिअर आणि रोध जवळजवळ ८८२ ओहम येतो. आता तोच दिवा काढून मल्टीमीटर लावा, तो त्याच्या दहाव्या ते पंधराव्या हिश्श्याइतकाच रोध दाखवतो. टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर इतका वाढतो. म्हणूनच दिवा लावण्याच्या क्षणी धारा नेहमीच्या कित्येक पट असते आणि जुना दिवा बहुतेक वेळा लावतानाच जातो. शेगडीच्या कॉइलमधील नायक्रोम या मिश्रधातूचा रोध मात्र तांबडा होईपर्यंत थोड्याच टक्क्यांनी बदलतो, म्हणून शेगडीला ही सूत्रे सरळ लावता येतात.

मला वाटते, ‘विभवांतर भागिले धारा’ यातून मिळणारी संख्या ही त्या क्षणाची, त्या तापमानाची असते, हे शिकवताना स्पष्ट सांगायला हवे.

समांतर:

पण मग ओहमचा नियम कुंतलाला लागू होत नाही असे म्हणायचे का?

तंतुवाद्य:

तापमान स्थिर ठेवले तर लागू होतो, आणि नियमात ती अट आहेच. भागाकार कशाचाही करता येतो. तो भागाकार विभवांतर बदलले तरी तोच राहतो, हे नियमाचे म्हणणे आहे. एलईडीत तो राहत नाही. एका तांबड्या एलईडीला २० मिलिअँपिअरला २ व्होल्ट आणि १० मिलिअँपिअरला १.९ व्होल्ट लागत असतील, तर भागाकार पहिल्या वेळी १०० ओहम आणि दुसऱ्या वेळी १९० ओहम येतो. या आकड्यांवरून पुढच्या विभवांतराला धारा किती असेल, हे सांगता येत नाही. शक्तीचा गुणाकार मात्र दोन्ही वेळा खरा आहे, ४० मिलिवॅट आणि १९ मिलिवॅट.

प्रवाही:

तंतुवाद्य यांचा शेवटचा मुद्दा मोटरच्या बाबतीत अधिकच महत्त्वाचा ठरतो. एकदिश धारेवरची (डीसी) एक लहान मोटर घेऊ, १२ व्होल्ट, चालताना २ अँपिअर, वेटोळ्याचा रोध १ ओहम. आता तीन सूत्रांनी तीन उत्तरे येतात. विभवांतर गुणिले धारा केले तर २४ वॅट. धारेचा वर्ग गुणिले रोध केला तर ४ वॅट. विभवांतराचा वर्ग भागिले रोध केला तर १४४ वॅट.

यांतील २४ वॅट ही मोटरने पुरवठ्यातून घेतलेली एकूण शक्ती आहे. ४ वॅट ही वेटोळ्यात उष्णता होऊन जाणारी शक्ती आहे. उरलेले २० वॅट फिरण्याच्या कामाला येतात आणि त्यांतीलच काही घर्षणात जातात. फिरणारी मोटर स्वतः उलट दिशेने १० व्होल्ट विभवांतर निर्माण करत असल्यामुळे वेटोळ्याच्या रोधावर प्रत्यक्षात २ व्होल्टच पडतात. २ चा वर्ग भागिले १ केला की पुन्हा ४ वॅट मिळतात.

आणि १४४ वॅट? मोटरचा दांडा हाताने घट्ट धरून फिरणे थांबवले तर उलट विभवांतर नाहीसे होते, धारा १२ अँपिअर होते आणि १४४ वॅट सगळे वेटोळ्यात उष्णतेच्या रूपाने साठू लागतात. अडकलेली मोटर काही वेळात जळते ती यामुळे. सूत्र खोटे नव्हते, ते थांबलेल्या मोटरचे होते.

काटेकोर:

प्रवाही यांच्या उदाहरणाने माझ्या मनातला मुद्दा पुढे येतो. दुसऱ्या सूत्रातील विभवांतर हे ज्या रोधाने भागायचे त्याच रोधाच्या दोन टोकांमधले असले पाहिजे. वाहक तारांच्या हानीचे गणित करताना ही गफलत नेहमी पाहायला मिळते. समजा १० किलोवॅट शक्ती पाठवायची आहे आणि जाण्यायेण्याच्या दोन्ही तारांचा मिळून रोध १ ओहम आहे. १००० व्होल्टने पाठवली तर धारा १० अँपिअर आणि तारांतील हानी १०० वॅट. इथे कोणी १००० चा वर्ग भागिले १ असे मांडले तर हानी १० लाख वॅट येते, म्हणजे पाठवलेल्या शक्तीच्या शंभरपट! तारांवर पडणारे विभवांतर १००० नसून १० व्होल्ट आहे. तीच शक्ती २०० व्होल्टने पाठवली तर धारा ५० अँपिअर होते, तारांवर ५० व्होल्ट पडतात आणि हानी २५०० वॅटवर जाते. विभवांतर पाचपट केले की हानी पंचविसावा हिस्सा होते, आणि उच्च दाबाने वीज वाहून नेण्याचे सारे समर्थन या एका ओळीत आहे.

सहजविचार:

मुलांसाठी एक कोडे. ६० वॅट आणि १०० वॅटचे कुंतलाचे दोन दिवे, दोन्ही २३० व्होल्टचे. ते एकसर जोडणीत २३० व्होल्टला लावले तर अधिक प्रखर कोणता दिसेल?

अंकगणिती:

६० वॅटचा. त्याचा रोध जास्त आहे आणि धारा दोघांतून एकच वाहते. रोध बदलत नाहीत असे धरले तर ६० वॅटच्या दिव्यात सुमारे २३.४ वॅट आणि १०० वॅटच्या दिव्यात सुमारे १४.१ वॅट, बेरीज ३७.५ वॅट.

तंतुवाद्य:

आणि रोध बदलतात हे धरले तर हे आकडे चुकतात, कारण दोन्ही कुंतल कमी तापतात. त्यांचे रोध घटल्यामुळे एकूण शक्ती ३७.५ वॅटहून थोडी जास्त भरते. मंद दिव्याचे कुंतल अधिक थंड असल्यामुळे त्याचा रोध अधिक घटतो, म्हणून दोघांतली तफावतही गणितापेक्षा मोठी दिसते. अधिक प्रखर कोणता, हे उत्तर मात्र तेच राहते.

नवशिका:

मी पंखा, चार्जर अशा उपकरणांची धारा क्लॅम्प मीटरने मोजून विभवांतराने गुणतो, पण वीजमापकावर दिसणारी शक्ती नेहमी त्याहून कमी असते. मीटर बिघडले आहे का?

प्रवाही:

मीटर ठीक असावे. प्रत्यावर्ती धारेत (एसी) विभवांतर आणि धारा यांचा गुणाकार म्हणजे शक्ती असतेच असे नाही, त्या गुणाकाराला व्होल्ट-अँपिअर म्हणतात. वेटोळे असलेल्या उपकरणात धारा विभवांतराच्या मागे पडते आणि प्रत्येक आवर्तनात थोडी ऊर्जा पुरवठ्याकडे परत जाते. समजा २३० व्होल्टवर ०.५ अँपिअर धारा आहे, तर गुणाकार ११५ व्होल्ट-अँपिअर. मापकाने ६९ वॅट दाखवले तर पॉवर फॅक्टर, म्हणजे खरी शक्ती भागिले हा गुणाकार, ०.६. आता रोध काढू. विभवांतर भागिले धारा केले तर ४६० ओहम येतात, पण तो इंपिडन्स आहे, म्हणजे प्रत्यावर्ती धारेला होणारा एकूण विरोध, नुसता रोध नव्हे. ते उपकरण म्हणजे नुसते वेटोळे असेल आणि सगळे ६९ वॅट त्यात उष्णता होऊन जात असतील, तर रोध म्हणजे ६९ भागिले ०.२५, २७६ ओहम. शेगडी आणि कुंतलाचा दिवा यांना ही भानगड नाही, तिथे साधा गुणाकार चालतो.

चार्जरच्या बाबतीत आणखी एक कारण असते. त्याची धारा तुटक टोकांच्या रूपात वाहते आणि साधे मीटर ती नीट मोजू शकत नाही. तिथे खरे आरएमएस मूल्य (धारेच्या वर्गाच्या सरासरीचे वर्गमूळ) दाखवणारे मीटर घ्यावे.

विद्युत्कर्मी:

मोजमापाचा विषय निघाला आहे तर सैल जोडाकडे पुन्हा वळतो, कारण तो आधीच शोधता आला तर पुढचा धोका टळतो. ०.०१ ओहमचा जोड मल्टीमीटरच्या ओहम श्रेणीवर मोजता येत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून कितीतरी जास्त असतो. त्यासाठी सुरक्षित कमी विभवांतराच्या पुरवठ्यावरून जोडातून ५ अँपिअर धारा सोडावी आणि व्होल्टमीटरची टोके थेट जोडाच्या दोन्ही बाजूंना टेकवून विभवांतर वाचावे. ५० मिलिव्होल्ट आले तर रोध ०.०१ ओहम आणि शक्ती ०.२५ वॅट. धारेच्या वायरी वेगळ्या आणि विभवांतराच्या वेगळ्या असल्यामुळे वायरींचा रोध गणितात शिरत नाही. जोडलेल्या मुख्य पुरवठ्यावर हा प्रयोग कोणीही करू नये.

रोध खूप मोठा असेल तेव्हा मांडणी उलटावी. अॅमीटर त्या रोधाला अगदी लागून एकसर ठेवावा आणि व्होल्टमीटर त्या दोघांवर मिळून लावावा, नाहीतर व्होल्टमीटरमधून वाहणारी धाराही अॅमीटरच्या वाचनात मिसळते.

अंकगणिती:

मापनाच्या संदर्भात एक आग्रहाची सूचना. विभवांतर एक टक्का आणि धारा दोन टक्के अचूकतेने मोजली असेल, तर गुणाकारातील शक्ती फार तर तीन टक्क्यांनी चुकते. तीच शक्ती धारेचा वर्ग आणि रेझिस्टरवर छापलेली किंमत घेऊन काढली, आणि त्या किमतीतील चुकीची मर्यादा पाच टक्के असेल, तर चूक नऊ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. जे मोजले आहे त्यावरूनच शक्ती काढावी.

कुतूहल (धागाकर्ती):

सर्वांची ऋणी आहे. आता वर्गात हा प्रयोग करून घ्यावा असे ठरवते आहे: १२ व्होल्टची बॅटरी, २ ओहमचा एक कायमचा रोध ‘बाकी’ म्हणून, आणि भार बदलत जाऊन प्रत्येक वेळी विभवांतर आणि धारा मोजायची. मुले स्वतः रोध आणि शक्ती काढतील आणि आलेख काढतील.

विद्युत्कर्मी:

ताई, २ ओहम घेऊ नका. भाराची टोके चुकून एकमेकांना लागली तर त्या रोधातून ६ अँपिअर वाहतील आणि त्यात ७२ वॅट उष्णता निर्माण होईल. बाकी म्हणून १०० ओहम घ्या. भार शून्य झाला तरी धारा १२० मिलिअँपिअर आणि त्या रोधात १.४४ वॅट, म्हणजे तो एक २ वॅटचा किंवा त्याहून मोठा घेतला की झाले. भारासाठी सहज मिळणारे २२, ४७, १००, २२० आणि ४७० ओहमचे रेझिस्टर घ्या, मात्र अर्ध्या वॅटचे, कारण १०० ओहमला त्यात ०.३६ वॅट जाणार आहेत आणि पाव वॅटचा रेझिस्टर त्यात भाजून निघेल.

कुतूहल (धागाकर्ती):

आपण सांगितलेल्या किमती घेऊन गणित करून पाहिले. २२ ओहमला ०.२१३ वॅट, ४७ ला ०.३१३, १०० ला ०.३६, २२० ला ०.३०९ आणि ४७० ला ०.२०८ वॅट येतात. ४७ आणि २२० यांची शक्ती जवळजवळ सारखी, तशीच २२ आणि ४७० यांचीही. हा योगायोग आहे का?

अंकगणिती:

योगायोग नाही. ४७ गुणिले २२० करून पाहा, १०,३४० येतात. २२ गुणिले ४७० केले तरी तेच. बाकीचा वर्ग १०,००० आहे. ज्या दोन भारांचा गुणाकार बाकीच्या वर्गाइतका असतो त्यांच्या छेदातील पहिले आणि तिसरे पद फक्त जागा बदलतात, म्हणून शक्ती सारखी येते. आपल्या जोड्यांचा गुणाकार १०,००० हून थोडा जास्त आहे, म्हणून मोठ्या भाराची शक्ती किंचित कमी दिसते. मुलांना ४७ च्या जोडीचा नेमका भार शोधायला सांगा. तो २१२.८ ओहम येईल, आणि २०० व १३ ओहमचे रेझिस्टर एकसर जोडले की त्याच्या अगदी जवळ पोहोचता येईल.